डब्यातली माती

वर्धा जिल्ह्यात बटाटा रोजच्या खाण्यात आहे, शेतात मात्र तो अपवादानेच दिसतो. सकाळी स्टँडवर रश्शात बुडवलेला आलुबोंडा, पंगतीत आलू-वांग्याची भाजी, एकादशीला उपवासाचा आलू, इतक्या ठिकाणी लागणारा हा कंद येतो तो छिंदवाड्याच्या पठारावरून, इंदूरकडून, आग्र्याच्या शीतगृहांतून. आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कुठल्याही तालुक्यात रब्बीत फिरा. हरभरा, गहू, तूर दिसेल, बटाट्याच्या सऱ्या शोधाव्या लागतील. अलीकडे गच्चीवर, अंगणात, तेलाच्या रिकाम्या डब्यांत आणि चुंगड्यांत, म्हणजे पोत्यांत, बटाटे लावण्याची हौस इथेही पोचली आहे. तिच्याविषयी सर्वसाधारण मत असे, की हे मुंबई-पुण्याकडचे फॅड आहे, शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात त्याला ना मूळ ना कारण. हे मत मला पटत नाही. कुंडीत आणि डब्यात अन्न पिकवण्याची गोष्ट या देशात छंद म्हणून नव्हे, तर टंचाईवरचा उपाय म्हणून ज्या मंडळींनी मांडली, त्यांचे घर वर्ध्याला होते. बटाट्यापुरते बोलायचे तर इथल्या जमिनीत आणि शेतीच्या इतिहासात अशी कारणे आहेत, की या जिल्ह्यात बटाट्याला शेतापेक्षा डबाच अधिक मानवतो.

आधी जमीन पाहू. वर्ध्याची काळी माती दख्खनच्या लाव्ह्याच्या कातळातून झालेली, चिकण, भारी. पावसात ती फुगते, पायाला धरते. उन्हाळ्यात आक्रसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ही माती अमृत. कपाशीचे सोटमूळ खोल जाते, तिथली ओल महिनोन्महिने पुरते, आणि पीक वर बोंडात येते, मातीत नाही. बटाट्याचे सगळे उलटे. त्याचे पीक मातीच्या आत फुगते, आणि फुगायला त्याला भोवतालची माती बाजूला सारावी लागते. भारी जमिनीला पाणी दिले की चिखल होतो, ओल उतरली की ढेकूळ. त्यात धरलेला कंद वाकडातिकडा होतो, पाणी साचले तर सडतो, आणि काढताना कुदळीने निम्मे बटाटे कापले जातात. भेगांचा त्रास वेगळाच. बटाट्याची पाकोळी कंदाच्या डोळ्यांपाशी अंडी घालते आणि अळी आत शिरून बोगदे करते. कंदावर मोकळ्या मातीचा सलग थर असेल तर ती सहसा तिथवर पोचत नाही. जमीन भेगाळली की तिला वाट मिळते. ही पाकोळी इथली नव्हे. १९०६ च्या सुमारास इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बेण्याबरोबर ती भारतात शिरली, असे त्या काळच्या कीटकशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. भेगाळणाऱ्या जमिनीत हा पाहुणा किती सुखाने राहील, हे सांगायला नको.

हवामानाची अडचण त्यावर. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली उतरल्याशिवाय बटाटा नीट कंद धरत नाही. पाला वाढतो, खाली काही नसते. वर्ध्यात अशा रात्री साधारण दिवाळीनंतर सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपत येतात. म्हणजे हाताशी तीन, फार तर साडेतीन महिने, आणि तेही पाऊस गेल्यानंतरचे, विहिरीच्या पाण्यावरचे. एकोणिसाव्या शतकात जेव्हा बटाटा देशभर पसरत होता, तेव्हा वर्ध्याच्या शेतकऱ्याला हे तीन महिने आणि ते पाणी बटाट्यासाठी राखावे असे वाटण्याजोगे काहीही घडत नव्हते. घडत होते ते कापसाचे. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा केला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, लँकशायरच्या गिरण्या कापसाला तोंड वासून बसल्या होत्या, आणि हिंगणघाटची लांब धाग्याची बनी कपाशी साहेबाच्या नजरेत भरली होती. मध्य प्रांतात कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली. लगेच पुढच्या वर्षी मुंबईहून येणारी आगगाडी नागपूरला पोचली. जिल्हा, शहर आणि रेल्वे ही तिन्ही जुळी-तिळी भावंडे आहेत, आणि तिघांच्याही जन्माच्या वेळी घरात कापसाचीच चर्चा चालू होती.

याचा परिणाम स्वयंपाकघरावर झाला. शेत विकण्यासाठी पिकू लागले, आणि खाण्यातले ज्वारी-तुरीपलीकडचे बरेचसे बाजारातून येऊ लागले. भाजीपाला दोन ठिकाणी उरला. एक, घरामागची सांदवाडी, जिथे बाईमाणूस सांडपाण्यावर वाल, दोडके, कोहळे, अंबाडी, मिरची, सांबार लावी; आणि दुसरी, नदीच्या वाळूतली डांगरवाडी. बटाटा या दोन्हींत बसला नाही. सांदवाडीतली पिके बी राखून, एकीकडून दुसरीकडे मागून लावता येत. बटाट्याचे बेणे विकत आणावे लागे. वालाचा वेल मांडवावर चढला की त्याचा तो वाढतो. बटाट्याला खणलेला मऊ वाफा, वेळेवर भर आणि मोजून पाणी हवे. इतका खटाटोप करून जे मिळणार ते आठवडी बाजारात मिळतच होते. म्हणून वर्ध्यात बटाटा नाही यात शेतकऱ्याचे अज्ञान किंवा आळस शोधणे चूक आहे. त्याचा हिशेब बरोबर होता.

पश्चिम महाराष्ट्राशी ताडून पाहिले की हे आणखी उघड होते. महाबळेश्वरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पूर्वेकडच्या वसाहतींतून आणलेले चिनी कैदी ठेवलेले होते. तिथल्या लाल, निचऱ्याच्या मातीत आणि थंड हवेत त्यांनी भाजीपाला आणि बटाटे काढले, आणि पुढे स्थानिकांनी ती लागवड उचलली. पुणे जिल्ह्यात खेड-मंचरच्या पट्ट्यात, साताऱ्यात खटावकडे हलक्या जमिनीत खरिपाचा बटाटा बसला. इटलीचे बेणे उतरायला मुंबई बंदर जवळ होते आणि माल खपायला मुंबईच. पुढे बटाट्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेने राजगुरुनगरला केंद्र काढले आणि पठारी प्रदेशासाठी ‘कुफ्री लवकर’ ही जात १९७२ मध्ये दिली. म्हणजे ‘महाराष्ट्रात बटाटा होतो’ हे विधान सह्याद्रीच्या पायथ्याला खरे, वर्धा नदीच्या काठी नाही. इथे त्याला उगवायचे तर आधी माती बदलावी लागेल. आणि एकरभर माती कोणी बदलू शकत नाही. डबाभर माती बदलता येते.

नेमका हाच, हाताने माती तयार करण्याचा, विषय १९३५ नंतर वर्ध्यात काही माणसांच्या डोक्यात होता. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेच्या जागेत त्याचे बिऱ्हाड पडले, तिला मगनवाडी नाव मिळाले, आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा कारभार पाहू लागले. गांधी तिथे राहायला आले आणि त्यांनी भटारखाना आपल्या हातात घेतला. सोयाबीन, कच्चा पाला, चिंच, कडुलिंबाची पाने, सगळ्यांचे प्रयोग झाले; जेवणाऱ्यांच्या जिभेचे काय झाले असेल ते असो. त्याच दिवसांत वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सोबतचे लोक बादल्या घेऊन जात आणि रस्त्यावरचा मैला उचलत. या कामाकडे स्वच्छतेचे, अस्पृश्यता निवारणाचे काम म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यामागे खताचा विचारही तितकाच पक्का होता. पूर नावाच्या इंग्रज डॉक्टरचे ग्रामीण आरोग्यावरचे पुस्तक गांधी वारंवार पुढे करीत. त्याचा मुद्दा असा, की मैला नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल पुरू नये, कारण घाणीचे खत करणारे सूक्ष्म जीव जमिनीच्या वरच्या थरातच असतात. सिंदीत आणि पुढे सेवाग्रामात चर खणले गेले ते या मापाने. सुपीक माती म्हणजे वीतभर-हातभर जाडीचा जिवंत थर, आणि तो माणूस आपल्या घरच्या कचऱ्यातून तयार करू शकतो, ही समज मगनवाडीच्या परिसरात तेव्हा रुजली. डब्याची खोली साधारण तेवढीच असते.

मग १९४६ उजाडले. ब्रह्मदेशचा तांदूळ १९४२ पासून बंद होता, बंगालचा दुष्काळ ताजा होता, आणि १९४५ चा पाऊस दक्षिणेत व मुंबई इलाख्यात फसला होता. रेशनवरचे धान्य माणशी दिवसाला पौंडावरून १२ औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आणण्याचे ठरले. फेब्रुवारीत व्हाइसरॉयचे खासगी सचिव जॉर्ज एबल गांधींचे सहकार्य मागायला सेवाग्रामला आले. ऑगस्ट १९४२ पासून बंद असलेले ‘हरिजन’ त्याच महिन्यात पुन्हा निघाले होते, आणि पुढचे काही आठवडे त्यात अन्नटंचाईवर एकामागून एक मजकूर येत राहिला. त्यात शोभेच्या बागांत खाण्याची पिके लावा, हे होते. साठवता येणारे धान्य आणि डाळी राखून ठेवा, त्यांच्या जागी गाजर, बटाटे, सुरण, केळी असा पिठूळ आहार वाढवा, हे होते. आणि ज्याच्यापाशी जमीनच नाही त्याला सांगितलेली कृतीही होती. स्वच्छ माती घ्या, तिच्यात सेंद्रिय खत मिसळा, सुके शेणही चालेल, ती मातीच्या भांड्यात किंवा पत्र्याच्या डब्यात भरा, मोहरी-हळीवासारखे बी टाका, रोज पाणी घाला. पाला इतक्या लवकर येईल की तुम्हीच चकित व्हाल, आणि तो शिजवायचीही गरज नाही. पत्र्याचा डबा त्या काळी घरोघर होता. घासलेटचा चौकोनी, चार गॅलनचा. रिकामा झाला की तो पाणी तापवायला, धान्य ठेवायला, पत्रा कापून छप्पराला लागे. त्याच्या उपयोगांच्या यादीत गांधींनी एकाची भर घातली.

इथे पहिला आणि रास्त आक्षेप येतो. डब्यात लावायला सांगितला तो पाला, बटाटा नव्हे. खरे आहे, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गांधींच्या आहारशास्त्रात बटाटा भाजीच्या पंगतीत बसतच नाही. आगाखान पॅलेसमध्ये १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तिकेत त्यांनी बटाटा, रताळे, सुरण यांना पालेभाजीपासून वेगळे काढून धान्याच्या रांगेत बसवले आहे. त्यामुळे १९४६ च्या मजकुरात पत्र्याचा डबा एका कलमात आहे आणि बटाटा दुसऱ्या. दोघांची गाठ तिथे पडलेली नाही. ती पुढच्या काळातल्या, हौसेने लावणाऱ्या लोकांनी घातली. पण म्हणून डब्यातला बटाटा या विचाराला परका ठरत नाही. कुमारप्पांनी १९४५ मध्ये जबलपूरच्या तुरुंगात स्थायी अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक लिहिले. एका भागाने आपल्या माणसांना पुरेसे, समतोल अन्न पिकवायचे तर कोणत्या पिकाला किती जमीन द्यावी, याचा त्यांचा तक्ता प्रसिद्ध आहे. त्यात माणशी रोज १६ औंस धान्य, २ औंस डाळ, ८ औंस भाजी, आणि वेगळा रकाना करून ४ औंस बटाटे व कंद आहेत. वर्ध्याच्या अर्थशास्त्रज्ञाला कंद लागत होता. तो कुठे पिकवायचा हे जमिनीच्या पोताप्रमाणे ठरणार होते. आणि या जिल्ह्याच्या पोतात त्याला जागा नव्हती, हे वर आलेच आहे. डब्याचे कलम आणि कंदाचे कलम जोडण्याची गरज दुसरीकडे कुठे नसेल, वर्ध्यात होती.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे, आणि तो पहिल्याहून जड आहे. कुमारप्पांचे ४ औंस म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. वर्षाला माणशी ४१ किलो. पाच जणांच्या घराला दोनशे किलोंवर बटाटा झाला. पंधरा किलो तेलाच्या एका रिकाम्या डब्यातून चांगली निगा केली तर किलोभर बटाटा मिळावा, म्हणजे दोनशे डबे झाले. एवढे डबे ठेवायला जागा असलेल्या माणसाजवळ बहुधा शेतच असेल. टंचाईच्या हिशेबाने पाहिले तर अवस्था आणखी बिकट. रेशनमधून कापलेले ४ औंस धान्य चारशेच्या आसपास उष्मांक देई. तेवढ्यासाठी बटाटा जवळजवळ पौंडभर लागतो, रोज, माणशी. तेव्हा पोट भरण्याचे साधन म्हणून डब्यातला बटाटा कोणी पुढे करत असेल तर त्याने गणित केलेले नाही. पाल्याचे गणित वेगळे होते. धान्य पोटाला आधार देते, पण जीवनसत्त्वे पाल्यात असतात, आणि ती गरज मूठभर पाल्यानेही बरीच भागते. म्हणून गांधींनी डब्याला पाला नेमून दिला, कंद नाही. या बाबतीत ते आजच्या गच्चीबागायतदारांपेक्षा चोख होते. तरीही हा आक्षेप डब्यातल्या बटाट्याला निकालात काढतो असे मला वाटत नाही. वर्षभराची गरज भागवणे हीच कसोटी लावायची तर सांदवाडीतला वालाचा वेलही नापास होतो, आणि तो शेकडो वर्षे टिकून आहे. परसातल्या पिकाने बाजाराचा एक तुकडा परत घरात आणायचा असतो. सगळा बाजार नाही.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. टंचाई आली की सरकार आणि पुढारी लोकांना डबे भरायला सांगतात आणि साठेबाज मोकळे सुटतात, अशी टीका १९४६ मध्ये झाली आणि आजही होते. इंग्लंडमध्ये युद्धकाळात हिरवळी खणून बटाटे लावण्याची मोहीम झाली, भारत सरकारने १९४२ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’चा नारा दिला, १९६५ मध्ये लालबहादुर शास्त्रींनी आपल्या बंगल्यातली हिरवळ नांगरली, प्रत्येक वेळी हा प्रश्न योग्यच होता. पण ‘हरिजन’मधला तो मजकूर पुरता वाचला तर घरावर भार टाकून तो थांबत नाही. तेलबिया, तेल आणि पेंड यांची निर्यात बंद करा, सरकारने खोल विहिरी खणाव्यात, काळा बाजार मोडावा, ही कलमे डब्याच्या कलमाइतकीच ठळक आहेत. पेंड बाहेर जाते म्हणजे जमिनीचा कस बाहेर जातो, ही तक्रार तर कुमारप्पांच्या सगळ्या लिखाणातून येते. निर्यातीच्या बंदरापासून घासलेटच्या डब्यापर्यंत एकच हिशेब मांडणारी ही माणसे होती. नंतरच्या सरकारी मोहिमांनी त्यातला डबा तेवढा उचलला आणि पेंड विसरली, हा दोष डब्याचा नाही.

डब्याची तांत्रिक बाजू बघितली की वर्ध्याच्या संदर्भात त्याचे महत्त्व स्पष्ट होते. पंधरा किलोचा तेलाचा डबा किंवा चुंगडी घ्यावी, तळाला पाच-सहा भोके पाडावीत. काळी माती त्यात घालायचीच असेल तर चौथा हिस्सा, बाकी कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि नदीची जाडी रेती. तळाला हे मिश्रण चार बोटे भरून त्यावर कोंबाळलेला, कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा डोळे वर करून ठेवायचा आणि चार बोटे माती ओढायची. रोप वीतभर झाले की पाल्याचा शेंडा उघडा ठेवून पुन्हा भर, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जितका उंच डबा तितके थरावर थर बटाटे, असे सांगितले जाते. चित्रेही तशी काढतात. आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जाती बेण्याच्या आसपासच्या थोड्या जागेत काय ते कंद धरतात, त्यामुळे कमरेएवढी टाकी भरून हाती काही जादा लागत नाही, खत मात्र वाया जाते. भर द्यायची ती कंद उन्हाने हिरवा पडू नये आणि पाकोळीला वाट मिळू नये म्हणून. या मिश्रणाला भेग पडत नाही, पाणी साचत नाही, आणि काढणीला कुदळ लागत नाही. डबा उपडा करून हाताने बटाटे वेचता येतात. काळ्या जमिनीचे वर मोजलेले सगळे दोष इथे एकेक करून गळतात. ऊन फार झाले तर डबा भिंतीच्या आडोशाला सरकवता येतो, ही सवलत शेताला नसते.

हे मिश्रण करण्याची विद्याही याच मुलखात वाढली. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध बसवली आणि १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. स्वातंत्र्य मिळाल्यावर डिसेंबर १९४७ मध्ये मीराबेनच्या पुढाकाराने दिल्लीत कंपोस्टवर परिषद भरली आणि गांधींनी मृत्यूच्या महिनाभर आधी तिच्यावर लिहिले. विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग केला तो स्वतः कुदळ मारून, भाजीपाल्यापासून सुरुवात करून. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांचे जाळीदार टाके बांधून थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत काढली. ‘नॅडेप’ म्हणून ती देशभर गेली. कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळ्याची माती करून शहरातल्या गच्चीपर्यंत ती विद्या नेली. मुंबईतली गच्चीबाग जिला आपण परकी समजतो, तिच्या वंशावळीत विदर्भाचे आणि देशावरचे लोक बसलेले आहेत. हौस मुंबईहून वर्ध्याला आली असे म्हणण्याऐवजी ती फिरून घरी आली असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून होईल. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत तर बागकाम हा विषयच होता, फावल्या वेळेचा उद्योग नव्हता. २००५ मध्ये तिथे पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतनमध्येही मुले वाफे सांभाळतात.

पाण्याची शंका सहज सुटते. बटाट्याचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा विहिरींना पाणी असते, आणि डब्याला तांब्या-दोन तांब्यांहून जास्त लागत नाही. खरी अडचण बेण्याची आहे, आणि तिला मला तरी उत्तर सापडत नाही. माती घरी करता येते, बेणे करता येत नाही. फेब्रुवारीत काढलेला बटाटा पुढच्या दिवाळीपर्यंत टिकवायचा तर मधे वर्ध्याचा मे महिना येतो, पारा पंचेचाळीस ओलांडतो, आणि शीतगृहाबाहेर ठेवलेला कंद तोवर सुकतो किंवा सडतो. शिवाय मावा जो विषाणू पसरवतो तो कंदातून पुढच्या पिढीत जातो, म्हणून रोगमुक्त बेणे थंड मुलखात किंवा मावा नसलेल्या हंगामात उत्तरेकडे करावे लागते. केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये दिलेली ‘कुफ्री सूर्या’ जरा उबदार रात्रींतही कंद धरते. पण तिचेही बेणे दर साली बाहेरूनच यायचे. हिंगणघाटच्या बनीचे बी शेतकऱ्याच्या घरातून गेले आणि कपाशी पाकिटावर आली, तीच गत डब्यातल्या बटाट्याची पहिल्या दिवसापासून आहे. कुमारप्पांच्या तक्त्यातला रकाना ‘बटाटे व कंद’ असा आहे, नुसता बटाट्यांचा नाही, हे इथे उपयोगी पडते. त्यांचा हिशेब काटेकोर चालवायचा ठरवला तर वर्ध्याच्या डब्यात रताळे जावे. त्याला काळ्या मातीचे वावडे थोडे कमी, उन्हाची भीती नाही, उपवासालाही ते चालते. आणि बेणे म्हणून कंद राखावा लागत नाही. सांदवाडीच्या कोपऱ्यात सांडपाण्यावर एक वेल बारा महिने जिवंत ठेवला की त्याचेच वीतभराचे तुकडे तोडून हवे तितके डबे लावता येतात. आलुबोंडा मात्र त्याचा होत नाही.